चिऊताईनं दार का उघडलं नाही?

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: मिस्टरांच्या नोकरीमुळे हे कुटुंब मे महिन्यात न्यू जर्सीला गेलं. मुलगी चौदा वर्षांची. आठवीपर्यंत महाराष्ट्रात, इंग्रजी माध्यमात शिकली. इंग्रजीत नव्वदच्या खाली कधी आली नाही. सप्टेंबरपासून ती तिथल्या हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे नववीत बसेल. ओळखीच्यांनी घाबरवून ठेवलंय: इंग्रजीच्या तासाला शेक्सपिअर असतो, सारखं बोलावं लागतं, इथली मुलं फाडफाड बोलतात. शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा विचारली आहे. एका बाईंनी सांगितलं, ‘इंग्लिशच लिहा, नाहीतर कच्च्या वर्गात टाकतील.’ ताई विचारतात: घरात मराठी बंद करू का? ग्रामरची शिकवणी लावू का? आणि शेवटी: ‘माझं स्वतःचं इंग्रजी बेताचं. या विषयात मी तिच्या काहीच उपयोगाची नाही, याचं फार वाईट वाटतं. पोरगी हल्ली गप्प गप्प असते.’

प्रिय ताई,

फॉर्मचं आधी बघू, कारण त्याला मुदत असते. घरच्या भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ असंच लिहा. सल्ला देणाऱ्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, पण त्यांना वाटतं तसं ते नाही. त्या एका उत्तरावरून शाळा मुलीला कुठल्याही वर्गात टाकत नाही. आधी विचारपूस होते, गरज वाटली तर चाचणी घेतात, आणि तिच्यात ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं अशी चारही अंगं तपासतात. इंग्रजी माध्यमात शिकलेली आणि वाचनाची सवय असलेली मुलं पुष्कळदा त्यातून सुटतात आणि विषय तिथेच संपतो. नाही सुटली, तर तिला जादा मदत मिळते, आणि ती देणं शाळेवर कायद्यानं बंधनकारक आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या बाजूनं लढवलेल्या ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात १९७४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. ज्या मुलाला भाषाच कळत नाही, त्याला इतरांसारखीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणून समान वागणूक दिली असं होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. ही मदत नको असेल तर पालक नकार देऊ शकतात. मात्र नकार दिला तरी इंग्रजीची वार्षिक चाचणी चुकत नाही. मूल ती पार करेपर्यंत दर वर्षी द्यावीच लागते.

आणि खोटं लिहिलंत तर? ऑक्टोबरमध्ये खरंच काही अडलं, तेव्हा शाळेच्या लेखी ती घरी इंग्रजी बोलणारी मुलगी असेल. तिच्या अडचणी मग आळसाच्या खात्यात जमा होतील. शिवाय तो फॉर्म ती स्वतःही वाचणार आहे. आपली भाषा लपवायची गोष्ट आहे, हे तिला पहिल्याच कागदावर शिकवू नका.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रात ‘इंग्रजी’ म्हणजे भाषा, असं धरून चाललेलं आहे. येते की येत नाही, उच्चार नीट की अडखळत, ग्रामर पक्कं की कच्चं. आपल्याकडे ते बरोबरच होतं, कारण आपल्याकडे इंग्रजीचा तास भाषा शिकवण्यासाठीच असतो. अमेरिकेतल्या हायस्कूलमधला इंग्रजीचा तास मात्र आपल्याकडच्या मराठीच्या तासाच्या जागी असतो. वर्गातल्या बहुतेकांची ती घरचीच भाषा. ती शिकायला कोणी तिथे बसलेलं नसतं. तिथे दोन गोष्टी शिकवतात: समोरचा मजकूर बारकाईनं वाचणं, आणि त्याबद्दल स्वतःचं म्हणणं पुराव्यानिशी मांडणं. तुम्ही ज्या गोष्टीला घाबरताय ती तिथे मोजलीच जात नाही असं मी म्हणणार नाही. व्याकरणालाही थोडे गुण असतात. पण ते थोडेच.

मी अमेरिकेत काही वर्षं नववीला इंग्रजी शिकवलं आहे. त्यातला एक प्रसंग सांगते. आपल्याच भागातून आलेला एक मुलगा, पहिल्या निबंधासाठी चार पानं लिहून घेऊन आला. अक्षर मोत्यासारखं, शीर्षक पट्टीनं अधोरेखित, एकही स्पेलिंग चुकलेलं नाही. सुरुवातीला नाटककाराचा जन्म, मृत्यू आणि थोरवी. मग पहिल्या अंकात काय झालं, दुसऱ्यात काय झालं, असं शेवटपर्यंत. मी त्याला ‘सी’ दिला. तास संपल्यावर तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, ‘मॅम, यात चूक कुठेय?’ चूक कुठेच नव्हती. त्या चार पानांत तो मुलगा मात्र कुठेच नव्हता. त्याच्या आधीच्या शाळेनं त्याला जे मागितलं ते त्यानं उत्तम दिलं होतं. मी मागत होते ते दुसरंच काही होतं, आणि ते त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. तुमच्या लेकीला ते सप्टेंबरच्या आधी कळावं म्हणून हे पत्र.

काय मागतात ते आपल्या ओळखीच्या गोष्टीवरूनच दाखवते. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, काऊ चिऊच्या दारात येतो. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.’ पुन्हा ‘दार उघड.’ ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते.’ ही गोष्ट आपण शंभरदा सांगितली आणि पोराच्या ताटातला भात संपला की गोष्टही संपवली. इंग्रजीच्या तासाला ही गोष्ट आली, तर शिक्षिका विचारतील: चिऊ कशी आहे?

‘चिऊचं घर मेणाचं होतं, पाऊस आला, काऊ आला, चिऊनं दार उघडलं नाही’ असं लिहिलं तर हाती फारसं काही लागणार नाही. हा सारांश झाला, आणि गोष्ट तर शिक्षिकेनंही वाचलेली आहे. ‘चिऊ कठोर आहे’ असं लिहिलं तर सुरुवात झाली. याला तिथे क्लेम म्हणतात, तुमचं म्हणणं. कशावरून? ‘ती एकदाही नाही म्हणत नाही, दर वेळी “थांब” म्हणते.’ हा एव्हिडन्स: मजकुरातला पुरावा, शब्दाला शब्द, अवतरणचिन्हात. आता खरी परीक्षा. त्या पुराव्यावरून तुमचं म्हणणं सिद्ध कसं होतं? ‘चिऊनं सरळ नाही म्हटलं असतं, तर काऊ दुसरं दार शोधायला मोकळा झाला असता. “थांब” म्हणून ती त्याला आशेवर भिजत ठेवते आणि वर स्वतः भलीही ठरते. म्हणून तिचं “थांब” हे नकारापेक्षा कठोर आहे.’ याला रीझनिंग म्हणतात, आणि बहुतेक गुण इथे असतात. एवढ्यात वर्गातलं दुसरं कोणी हात वर करून म्हणेल, की चिऊच्या प्रत्येक उत्तरात ‘बाळ’ हा शब्द आहे. एकट्या आईनं वादळात दार का उघडावं? हा काउंटरक्लेम. चांगल्या निबंधात तोही घ्यावा लागतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं.

बघा, एवढ्या सगळ्यात इंग्रजीचा संबंध कुठे आला? विचार करायची रीत आहे ती. ती मराठीत शिकता येते, भाजी निवडताना शिकता येते, आणि तुम्ही शिकवू शकता. तुम्ही तिच्या काहीच उपयोगाच्या नाही, हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला म्हणूनच मान्य नाही. आज रात्री तिला विचारा, चिऊ कशी होती. काहीही सांगितलं तरी पुढचा प्रश्न एकच: ‘कशावरून?’ आणि त्याचं उत्तर आलं की: ‘बरं, मग त्याचं काय?’ हे दुसरं विचारायला विसरू नका. तिच्या निबंधांच्या समासात शिक्षिका हाच प्रश्न लाल शाईनं लिहिणार आहेत: ‘सो व्हॉट?’ पहिल्यांदा वाचताना तो उद्धट वाटतो, मुलं दुखावतात. तो अपमान नसतो. तुझा पुरावा चांगला आहे, आता त्यातून तुला काय म्हणायचंय ते सांग, एवढाच त्याचा अर्थ.

वर्गात वाचतात काय? अख्ख्या देशाचं एकच पाठ्यपुस्तक, असला प्रकार तिथे नाही. देशात तेरा हजारांहून जास्त शालेय जिल्हे, म्हणजे त्या-त्या भागातल्या शाळा चालवणारी मंडळं, आहेत आणि कोणती पुस्तकं घ्यायची ते बहुतांशी त्यांच्या हातात. २०१० मध्ये कॉमन कोअर नावाची समान उद्दिष्टं निघाली; बऱ्याच राज्यांनी ती घेतली, काहींनी मग आपापल्या नावानं बदलून घेतली, काहींनी घेतलीच नाहीत. न्यू जर्सीची स्वतःची आहेत. त्यात मुलाला काय करता आलं पाहिजे ते लिहिलेलं असतं, कोणता धडा शिकवायचा ते नसतं. म्हणून ‘पुस्तक आधीच आणून पाठ करून घेते’ हा आपला हुकमी उपाय इथे लागू पडत नाही. त्याऐवजी शाळेच्या वेबसाइटवर नववीच्या इंग्रजीची वाचनयादी किंवा उन्हाळ्यातलं वाचन दिलंय का, ते बघा. काही शाळा सुट्टीत एखादं पुस्तक वाचून यायला सांगतात आणि नव्यानं आलेल्या मुलांना ते कोणी कळवत नाही.

साधारणपणे वर्षभरात एखादं नाटक, एकदोन कादंबऱ्या, काही कथा आणि कविता, एखादं आत्मकथन, भाषणं आणि लेख असं येतं. कधी ग्रीक महाकाव्याचे वेचेही. महाकाव्याला तुमची मुलगी घाबरणार नाही. घरी परतायला वर्षानुवर्षं लागलेला राजा, वाटेतले राक्षस, शापवरदान, अतिथीला नाराज केलं तर ओढवणारं संकट, हे तिनं आजीच्या मांडीवर ऐकलेलं आहे.

शेक्सपिअरची भीती घालून घेऊ नका. नववीत फार शाळांत ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ असतं. ते पहिल्यांदा छापलं गेलं १५९७ मध्ये; त्यातलं इंग्रजी अमेरिकन मुलांनाही पहिल्या दिवशी कळत नाही. आपल्या मुलांपुढे जुनी ओवी ठेवली की ती जशी बघत बसतात, तशीच तीही बघत बसतात. त्या दिवशी अख्खा वर्ग एका पातळीवर असतो, आणि समासातले शब्दार्थ बघून ओळ लावायची सवय असलेली आपली मुलं तिथे जरा पुढेच असतात. एक गंमत तिला आधी सांगून ठेवा. नाटक सुरू होण्याआधी चौदा ओळींची प्रस्तावना आहे आणि दोघं प्रेमिक शेवटी मरणार, हे त्यातच सांगून टाकलंय. शिक्षक हमखास विचारतात: शेवट आधीच सांगितला, तर मग प्रेक्षकानं बसायचं कशाला? याचं एकच बरोबर उत्तर नाही. पण जिनं त्यावर घरी दोन मिनिटं विचार केलाय, तिच्याकडे पहिल्याच आठवड्यात बोलायला काहीतरी असेल.

दुसरं एक पुस्तक अनेक शाळांत लागतं, हार्पर ली यांची १९६० सालची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’. काळ १९३० च्या दशकातला, जागा अलाबामा, आणि मध्यभागी एका कृष्णवर्णीय माणसावर ठेवलेला खोटा आळ. असं पुस्तक लागलं तर भाषेपेक्षा इतिहास आडवा येतो. वर्णभेदाचे कायदे काय होते, शाळा, नळ, बसमधल्या जागा वेगळ्या म्हणजे नेमकं काय, हे वर्गातल्या इतरांना लहानपणापासून थोडंफार माहीत असतं; आपल्या मुलीला नसतं. तेवढं आधी वाचून घ्यायला सांगा. आणि हेही सांगा, की तिच्याकडे इतरांकडे नसलेलं काही आहे. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी कोणी प्यायचं यावर २० मार्च १९२७ ला काय घडलं, हे ती शाळेत शिकली आहे. वेगळ्या नळांबद्दलचा उतारा वाचून त्या वर्गात ती हे बोलली, तर कोणी तिचे उच्चार मोजत बसणार नाही.

आता लिहिण्याबद्दल, आणि इथे मी जरा कडक होणार आहे. आपल्याकडे गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं तर पूर्ण गुण मिळतात. मूल अभ्यासू ठरतं. तिथे तीच गोष्ट चोरी ठरते. दुसऱ्याचं वाक्य, दुसऱ्याची कल्पनासुद्धा, कुठून घेतली ते न सांगता वापरली तर शून्य मिळू शकतं, पालकांना फोन जातो, नोंद राहते. यात आपली सालस मुलं अडकतात आणि त्यांना कळतच नाही की आपण काय वाईट केलं. इंटरनेटवरचे तयार सारांश आणि एआयनं लिहून दिलेले परिच्छेद यांनाही हेच लागू. एआय कशासाठी चालेल आणि कशासाठी नाही, याचे नियम प्रत्येक शिक्षकाचे वेगळे असतात. पहिल्या आठवड्यात विचारून घ्यायला सांगा. शंका असेल तिथे ‘हे मी अमुक ठिकाणी वाचलं’ असं लिहून टाकावं. त्यानं गुण कमी होत नाहीत.

निबंधाच्या मांडणीची एक ठरलेली पद्धत असते, तिला एमएलए म्हणतात. दोन ओळींत मोकळी जागा, चारी बाजूंना इंचभर समास, डाव्या कोपऱ्यात चार ओळी: आपलं नाव, शिक्षकांचं नाव, विषय, तारीख. वर उजवीकडे आडनाव आणि पानाचा क्रमांक. शीर्षक मधोमध, अधोरेखित न करता. गंमत म्हणजे त्या कोपऱ्यातली तारीख आपल्यासारखीच लिहितात, आधी दिवस, मग महिना. बाकी सगळीकडे अमेरिकेत महिना आधी. एकदा घरी बसून हा साचा तयार करून ठेवला की वर्षभर डोक्याला ताप नाही.

आणखी एक सवय बदलावी लागेल. आपल्याकडे निबंध एकदा लिहिला की संपला. तिथे कच्चा खर्डा, मग वर्गमित्राकडून तपासणी, मग सुधारणा, मग पक्का. प्रत्येक टप्प्याला वेगळे गुण असू शकतात. गुण कशाला किती, याचा तक्ता आधीच हातात देतात. त्याला रूब्रिक म्हणतात. निबंध लिहून झाल्यावर ती स्वतःच शिक्षक होऊन त्या तक्त्यावर आपल्याला गुण देऊन बघू दे. पाच मिनिटांचं काम आहे. पेन्सिल घेऊन पुस्तक वाचायचं आणि समासात प्रश्न लिहायचे, हेही तिथे गृहपाठात धरतात. शाळेचं पुस्तक असेल तर चिकटचिठ्ठ्यांवर. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आपल्या पोरांना पुस्तकावर लिहायला सुरुवातीला जड जातं.

बोलण्याचं काय? तुमची खरी काळजी ती आहे, असं मला वाटतं. वर्गातल्या सहभागाला काही ठिकाणी गुण असतात हे खरं. कधीकधी खुर्च्या गोलात मांडून चर्चा होते, शिक्षक गप्प बसतात आणि मुलंच एकमेकांना प्रश्न विचारतात. नव्या मुलीला तो गोल भिंतीसारखा वाटतो. यावर माझा एक साधा उपाय आहे आणि तो मी पुष्कळ मुलांवर चाललेला पाहिला आहे: चर्चेला जाताना चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून न्यायच्या. पुस्तकातलं एक वाक्य, पान क्रमांकासह. त्यावरचं आपलं एक मत. आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर आपल्यालाही माहीत नाही. पहिल्या पाच मिनिटांत त्यातलं एक बोलून टाकायचं. जितका वेळ जातो तितकं तोंड उघडणं अवघड होतं, आणि आपला मुद्दा दुसरंच कोणी बोलून जातं. मत सुचलं नाही तर प्रश्न विचारावा. चांगल्या प्रश्नालाही बोलणंच धरतात. कोणाचं खोडून काढायचं असेल तर ‘तू म्हणतोस ते मला पटलं, पण बत्तिसाव्या पानावर वेगळंच दिसतं’ अशी वाक्यं दोनचार इंग्रजीत घोळवून ठेवावीत. उच्चार बदलायचा अट्टहास नको. सावकाश बोललं की उच्चार समजतात.

पण ताई, ती गप्प असते याचा अर्थ इंग्रजीची भीती, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं असेलही. तिनं मे महिन्यात मैत्रिणी सोडल्या, घर सोडलं, जिथे सगळे तिला हुशार म्हणून ओळखायचे तो वर्ग सोडला. चौदाव्या वर्षी हे थोडं नाही. त्या दुःखावर ग्रामरची शिकवणी हा उपाय नव्हे. तिला एकदा अभ्यासाचा विषय न काढता विचारा, इथे काय चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. आणि उत्तर येईपर्यंत ‘होईल सगळं नीट’ म्हणू नका. महिना दोन महिने झाले, खाणं-झोप बिघडली, कशातच मन लागेना, तर शाळेतल्या काउन्सेलरना भेटा. त्यांचं ते कामच आहे आणि त्यात कमीपणा नाही.

शिकवणी नको म्हणते, तशी ऑनर्सच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या वर्गाची घाईही नको. आपल्याकडच्या ओळखीच्या मंडळींत ‘ऑनर्समध्ये नाही?’ हा प्रश्न नमस्कारासारखा येतो. काही मुलांना पहिल्या दिवसापासून तो वर्ग झेपतो, त्यांनी जरूर घ्यावा. देश, घर, शाळा आणि अभ्यासाची तऱ्हा एकदम बदललेल्या मुलीला मात्र मी नववीत साधा वर्ग देईन आणि दहावीत वर चढू देईन. नववीचे गुण पुढे कॉलेजला जाणाऱ्या प्रगतिपत्रकात दिसतात हे खरं आहे, म्हणून हे वर्ष वाऱ्यावर सोडायचं नाही. न्यू जर्सीत हायस्कूलचा डिप्लोमा मिळायला किमान १२० क्रेडिट लागतात, त्यातली २० इंग्रजीची; म्हणजे चारही वर्षं हा विषय सोबत आहे. चढायला वाव आहे. पहिल्या निबंधाला बी किंवा सी आला, तर तो कागद पुढ्यात घेऊन तिच्याशी फक्त समासातले शेरे बोला. ‘बाकीच्यांना किती?’ हे विचारायचंच नाही. बरेच शिक्षक निबंध सुधारून पुन्हा द्यायची मुभा देतात. ती आहे का, हे तिनं स्वतः विचारावं.

‘स्वतः’ यावर माझा जोर आहे. आपल्याकडे शाळेत काही झालं की आई-बाबा जाऊन भेटतात. तिथे नववीपासून मुलानं शिक्षकांना स्वतः मेल लिहावी, अशी अपेक्षा असते. लांबलचक नको, माफी नको: मी अमुक तासाला आहे, निबंधावरचा तुमचा तिसरा शेरा मला नीट कळला नाही, मी शाळेआधी किंवा नंतर दहा मिनिटं येऊ का? चार ओळी. अशी मेल करणारी मुलं फार थोडी असतात आणि शिक्षकांच्या ती लक्षात राहतात. शाळा पालकांना वर्ग दाखवायला एका संध्याकाळी बोलावते, तिला तुम्ही जा. बहुधा सप्टेंबरमध्ये असते. मुलांच्या वेळापत्रकाप्रमाणे एकेका वर्गात दहा-दहा मिनिटं बसवतात. महत्त्वाच्या बैठकीला दुभाषी हवा असेल तर शाळेला आधी कळवा. पालकांना समजेल अशा भाषेत माहिती देणं हे शाळेचं कर्तव्य आहे, तुमच्यावर उपकार नाहीत. मराठी दुभाषी मिळायला वेळ लागतो, म्हणून थोडे दिवस आधी.

राहिली घरातली मराठी. ती बंद करू नका. वर्गात जे लागतं ते, म्हणजे गोष्टीतल्या माणसांबद्दल मत बनवणं, ते बोलून दाखवणं, दुसऱ्याचं ऐकून बदलणं, हे मूल ज्या भाषेत सगळ्यात मोकळं असतं त्या भाषेत आधी येतं. तुम्ही तिच्याशी तुमच्या बेताच्या इंग्रजीत बोलायला लागलात, तर घरातलं बोलणं ‘जेवलीस का, झोपलीस का’ एवढ्यावर येईल. मग वाद कुठे घालणार? त्यापेक्षा गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढा. ते फुकट असतं. तिला आवडेल ते इंग्रजी पुस्तक तिनं निवडावं, सोपं असलं तरी चालेल, चित्रांचं असलं तरी चालेल. रोज वीस मिनिटं वाचावं आणि रात्री जेवताना तुम्हाला मराठीत सांगावं. तुम्ही ते पुस्तक वाचलेलं नाही, ही तुमची अडचण नाही, उलट सोय आहे. तुम्हाला खरंच माहीत नसल्यामुळे तिला नीट सांगावं लागेल, आणि तुमचं ‘कशावरून?’ खरं असेल.

एक शेवटचं, अगदी छोटं. पहिल्या दिवशी हजेरी घेताना शिक्षिका तिच्या नावाशी अडखळतील. अशा वेळी आपली मुलं ‘इट्स ओके’ म्हणून खाली बसतात आणि मग चार वर्षं चुकीच्या नावानं हाकेला ओ देतात. तुम्ही दोघी आजच आरशासमोर उभ्या राहा आणि तिचं नाव तोडून, सावकाश, दोनदा म्हणायचा सराव करा. नाव जसं आहे तसं. शिक्षिकेनं पुन्हा चुकीचं म्हटलं, तर हसून तिसऱ्यांदा सांगायचं. बहुतेक शिक्षक तिथल्या तिथे हजेरीच्या वहीत ते नाव आपल्याला कळेल तसं लिहून ठेवतात. मीही ठेवायचे.